पेटीतलं आठवं मत

१

दाराची कडी वाजली. हलकेच, कुणी चोरपावलांनी आल्यासारखी.

सकाळचे साडेदहा झाले होते. नवरा कामावर गेलेला, शाळेला सुट्टी, आणि घरात ती शांतता होती जी सहा वर्षांच्या मुलीच्या घरात दिवसातून एकदा, फार तर दहा मिनिटं, नांदते. मुलगी जमिनीवर पालथी पडून, जीभ बाहेर काढून चित्र रंगवत होती. ती स्वतः ओट्याला टेकून चहा पीत होती. तिसऱ्यांदा गरम केलेला.

बाबा आत आले.

या वेळी बाबा घरी येत नसत. आई गेल्यापासून ते लेकीकडेच राहायचे, पण सकाळी सहाला फुटबॉल क्लबच्या किटखोलीत जायचे ते संध्याकाळी सातलाच परतायचे. एकतीस वर्षं खेळाडूंचे बूट, जर्सी, मोजे सगळं त्यांच्या हातून जात आलं होतं. ते जिन्यात आले की आधी कमरेचा जुडगा ऐकू यायचा. बावीस किल्ल्या. आज आवाज झाला तो फक्त कडीचा.

"बाबा, किल्ल्या?"

"ठेवून आलो. ठेव म्हणाले."

"कोण म्हणालं?"

बाबांनी चपला काढल्या. ते मोरीत गेले आणि स्वच्छ असलेले हात साबणानं धुवायला लागले.

"आजोबा, सुट्टी?" मुलीनं मान वर करून विचारलं.

"मध्यंतर झालंय, पंचबाई." बाबा हसल्यासारखं करून म्हणाले. घरात कोणाचंही भांडण झालं की ती त्यांनीच दिलेली शिटी फुंकून निकाल द्यायची, म्हणून हे नाव. आईबापांना दोघांनाही कोपऱ्यात उभं करण्यापर्यंत तिची मजल गेली होती.

हात पुसून बाबा खुर्चीत टेकले. बराच वेळ टॉवेलची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "माझ्यावर आळ आलाय गं. चोरीचा नव्हे. चोरीत काहीतरी कमी होतं. इथे एक जास्त झालंय."

२

ती विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करायची. जळालेली दुकानं, बुडालेला माल, चोरीला गेलेले म्हणून सांगितलेले आणि मावशीच्या घरी सापडलेले दागिने. मुलगी झाल्यापासून अर्धाच दिवस जायची, पण सवय पूर्ण दिवसाची होती. तिनं चहाचा कप बाजूला ठेवला.

"पहिल्यापासून सांगा. मला काही माहीत नाही असं समजून."

बाबांनी सांगितलं. देशातले बडे क्लब जुन्या लीगमधून बाहेर पडून स्वतःची सोळा संघांची वेगळी लीग काढत होते. पंधरा ठरले होते, सोळाव्या जागेसाठी बाबांच्या क्लबला आमंत्रण आलं होतं. जागा कायमची. शेवटचा नंबर आला तरी कुणी खालच्या विभागात ढकलणार नाही. उत्तर आज संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचं होतं. उत्तर गेलं नाही तर जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती.

क्लब सभासदांच्या मालकीचा, आणि असले निर्णय सात जणांची समिती घ्यायची. मत द्यायची पद्धत संस्थापकांच्या काळापासून तीच. ते सगळे चांभारकाम करणारे कारागीर होते. कागदापेक्षा बुटावर त्यांचा विश्वास. बुटाच्या तळव्याला जमीन पकडायला जे गोटे लावतात, त्या स्टडनं मत द्यायचं. पिवळा पितळी स्टड म्हणजे होकार, पांढरा म्हणजे नकार. किटखोलीतल्या फळीला सात-सात भोकांच्या दोन ओळी. त्यातून प्रत्येकाला एक पिवळा, एक पांढरा मिळतो. एकेकानं पडद्यामागे जायचं, एक स्टड पेटीत टाकायचा. पेटीला आतून जाड कापड, आवाज होत नाही. दुसरा मुठीत झाकून आणायचा आणि बाबांनी धरलेल्या पिशवीत सोडायचा. पहिलं मत अध्यक्षांचं, मग वयानुसार. पेटी रात्रभर किटखोलीत बंद, सकाळी उघडायची. निकाल ऐकून रागाच्या भरात कुणी कुणाच्या अंगावर धावून जाऊ नये म्हणून संस्थापकांनी घातलेला नियम.

"आणि आज सकाळी?"

"पेटीत आठ निघाले. चार पिवळे, चार पांढरे."

"मतं देणारे सातच?"

"सातच. पिशवीतले सात मी काल संध्याकाळी फळीवर लावून ठेवले होते. ओळ पुरी होती. त्यात तीन पिवळे, चार पांढरे." बाबांनी बोटं मिटली, उघडली. "म्हणजे पिवळे सात, पांढरे आठ. संघाचा कप्तान समितीत आहे, त्यानं लगेच हिशेब केला. पिवळे जेवढे हवेत तेवढेच आहेत, एक पांढरा जास्त आहे. कुणीतरी रात्रीत नकाराचा एक आत सरकवलाय. खरा निकाल चार विरुद्ध तीन, होकार."

"आणि किटखोलीची किल्ली तुमच्याकडे."

"आणि माझ्या कामाच्या डगल्याच्या खिशात कायम पांढरे स्टड असतात." बाबांनी टॉवेल पुन्हा उलगडला. "चारला समिती बसणार आहे. एक पांढरा काढून टाकणार, होकार पाठवणार, आणि मला घरी पाठवणार."

"तुम्ही केलंय का बाबा?"

हा प्रश्न ती सगळ्यांना विचारायची, पहिल्याच भेटीत, डोळ्यात बघून. बापाला विचारताना मात्र तिनं नजर टॉवेलकडे वळवली.

"नाही," बाबा म्हणाले. "पण मीही समितीत असतो ना, तर माझ्यावरच संशय घेतला असता."

३

अध्यक्षबाईंना तिनं फोन केला तेव्हा नकाराची तयारी ठेवली होती. पण बाई म्हणाल्या, "ये. हवं ते बघ, हवं त्याला विचार. किल्ली माझ्या टेबलावर आहे. मात्र चारच्या आत." आवाज थकलेला होता, आणि तिला उगाचच वाटलं, की बाईंना सुटल्यासारखं झालंय.

मुलीला बाबांकडे सोडून ती निघाली.

कप्तान उपचारांच्या खोलीत गुडघ्यावर बर्फ बांधून बसला होता. बत्तीस वर्षांचा, शांत. सोळाव्या वर्षी क्लबमध्ये आला तेव्हा बाबांनीच त्याला बुटाची नाडी नीट बांधायला शिकवली होती. तिला बघून तो उठायला गेला.

"बस रे. हिशेब तू केलास म्हणे."

"ताई, मला वाटलं नव्हतं तो काकांपर्यंत जाईल. मी आकडे बोललो फक्त. मग सगळे काकांकडे बघायला लागले." त्यानं बर्फाची पिशवी फिरवली. "कुणीतरी तोंड उघडून काकांची बाजू घ्यायला हवी होती. मीही नाही घेतली."

"तुला वेगळी लीग हवीय."

"हवीय. लपवत नाही." तो खिडकीतून मैदानाकडे बघत राहिला. "ताई, वर्षातनं चार सामने असे असतात की समोरचा माणूस माझ्यापेक्षा चांगला असतो. त्या चार दिवशी मी खरा खेळतो. बाकीच्या दिवशी नुसता धावतो. तिकडे दर आठवड्याला तो माणूस समोर असेल. आणि आता बघ, एक वर्ष वाईट गेलं की खालच्या विभागात जाऊ या भीतीनं प्रशिक्षक नव्या पोरांना बाकावरच बसवतात. खाली जायची भीती नसेल तर पोरं चुका करतील, शिकतील. मुलींचा संघही त्यांच्या अटीतच आहे. प्रत्येक क्लबला तो चालवावाच लागेल, आपल्यासारखा दर वर्षी बंद करायच्या गोष्टी नाहीत."

"मग काल तुझ्या आधी-नंतर काही वेगळं दिसलं?"

"मी वयानं सगळ्यात लहान, माझा नंबर शेवटचा. बाहेर खुर्चीवर बसून होतो. सगळे भराभर आत-बाहेर. अध्यक्षबाईंनाच काय तो वेळ लागला. पण त्यांना भाषणालाही वेळ लागतो." तो हसला, आणि लगेच गंभीर झाला. "काकांनी केलं असेल तर त्यांनी ते प्रेमानं केलं असेल, ताई. पण चुकीचंच ते."

"केलं असेल तर," ती म्हणाली.

४

भोंगा समितीतला प्रेक्षकांचा प्रतिनिधी. खरं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं. गल्लीच्या टोकाला सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि आवाज असा, की सामन्याला ध्वनिक्षेपक लावलाय की नाही ते तो आल्यावर कळायचं नाही. ती दुकानात शिरली तशी त्यानं हातातलं चाक सोडलं.

"ये पोरी, ये! बाप कुठाय? त्याला हार घालायचाय मला!"

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल काय! एक पांढरा सरकवला, बरोबरी केली, सोळाव्या जागेची वाट लावली. एकट्या माणसानं! आम्ही सगळे आरडाओरडा करत बसलो आणि गप्प माणूस गोल करून गेला."

"त्यांनी केलेलं नाही."

भोंग्याचा चेहरा पडला. एवढा मोठा माणूस हिरमुसला की पाहवत नाही. "नाही केलं? खरंच?"

"खरंच. आणि तुम्ही असं गावभर बोललात तर त्यांची नोकरी जाईल. एकतीस वर्षांवर लबाडीचा शिक्का बसेल. तुमच्या कौतुकाचा त्यांना जास्त त्रास होतोय."

तो स्टुलावर बसला. आवाज इतका खाली आला की तिला पुढे वाकावं लागलं. "मला काय वाटतं सांगू? मागच्या वर्षी आपण त्या घाटावरच्या गावात खेळायला गेलो होतो. एवढंसं मैदान, एका बाजूला भिंतच नाही, चेंडू गेला की कुणाच्या तरी अंगणात. आम्ही चार गाड्या भरून गेलो. गावातल्या झाडून सगळ्या माणसांनी सुट्टी घेतलेली. का? तर आपण येणार. हरले बिचारे, सहा गोल खाल्ले. पण त्यांच्या गोलकीपरनं एक पेनल्टी अडवली, पोरी, त्याला उचलून घरी नेलं त्यांनी. आता आपण गेलोच नाही, तर तो पोरगा कुणाची पेनल्टी अडवणार?"

"पण कप्तान म्हणतो, खाली जायची भीती नसली की पोरं शिकतात."

"भीतीनंच तर मी येतो!" भोंग्याचा आवाज पुन्हा छताला लागला. "शेवटच्या सामन्याला पोटात गोळा यायला हवा. परीक्षेत कुणी नापासच होणार नसेल तर निकाल बघायला कोण जाईल?" मग ओशाळून: "आता आमचा पोरगा तीनदा नापास झालाय, तो भाग वेगळा."

तिला हसू आलं. निघताना तिनं विचारलं, "काल तुम्ही पिशवीत स्टड टाकलात तेव्हा बाबा काय करत होते?"

"डोळे मिटून उभा होता. नेहमीसारखा. बघत नाही तो, नुसता ऐकतो. स्टडवर स्टड पडला टक् करून की मान हलवतो. मग पुढचा."

ती दुकानाबाहेर पडली आणि दहा पावलांवर थांबली. कामात तिचा एक नियम होता: लोकांनी काय निष्कर्ष काढला ते बाजूला ठेवायचं, आणि कुणी नेमकं काय मोजलं ते पाहायचं. सगळ्यांनी रंग मोजले होते. पंधरातला नेमका कुठला स्टड उपरा आहे, हे कुणीच पाहिलं नव्हतं.

५

किटखोलीत ओल्या चामड्याचा आणि मेणाचा वास होता. लहानपणी शाळा सुटली की ती इथेच येऊन अभ्यास करायची. तिनं टेबलावर पेटीतले आठ स्टड एका बाजूला मांडले, फळी दुसऱ्या बाजूला ओढली.

संस्थापकांचे स्टड हातानं घडवलेले. प्रत्येकाच्या कडेला कानशीनं घातलेली बारीकशी खाच, डोळ्यांना जेमतेम दिसणारी, पण नखाला लागणारी. तिनं पेटीतला एकेक घेऊन नख फिरवलं. खाच. खाच. खाच. आठही जुने. चार पिवळे, चार पांढरे, एकूण एक संस्थापकांचे.

 ती फळीकडे वळली. तीन पिवळे, खाच. एक पांढरा, खाच. दुसरा, तिसरा, खाच. चौथ्यावरून नख सरळ घसरलं.

उपरा स्टड पेटीत नव्हताच. तो फळीवर होता.

तिनं बाबांना फोन करून बोलावून घेतलं. ते मुलीला घेऊन आले, दारात परक्यासारखे थांबले. आपल्याच खोलीत यायला त्यांनी परवानगी मागितल्यासारखं बघितलं तेव्हा तिनं हाताला धरून त्यांना आत घेतलं. मुलगी लगेच मोज्यांच्या टोपलीत जाऊन बसली.

"बाबा, तो डगला घाला जरा. आणि हा बूट बघा, कप्तानाचा आहे का?"

आधीच तिनं त्या बुटाचा एक स्टड फिरवून काढून ठेवला होता. बाबांनी बूट हातात घेतला. "छे, हा डाव्या बाजूच्या पोराचा. कप्तानाचा पाय रुंद आहे..." बोलता बोलता त्यांचा उजवा हात खिशात गेला, एक पांढरा स्टड बाहेर आला, रिकाम्या भोकात बसला, दोन फेऱ्यांत घट्ट झाला. "...आणि तो टाच आतून झिजवतो. का गं?"

"आत्ता काय केलंत?"

"कुठे काय केलं?"

तिनं बुटाकडे बोट दाखवलं. बाबांनी पाहिलं. मग फळीकडे पाहिलं. मग हळूच मोज्यांच्या गठ्ठ्यावर बसले.

"काल ओळीत एक भोक रिकामं असणार, बाबा. तुम्ही बघितलंही नसेल. हातानं भरलं."

"म्हणजे घोळ मीच घातला."

"तुम्ही फक्त झाकलात. पिशवीत सहाच होते. म्हणजे कुणीतरी हातातला स्टड पिशवीत टाकलाच नाही. पेटीत टाकला, पहिल्याबरोबर दुसराही. दोन्ही मतं. बाहेरून कुणी काही सरकवलेलं नाही."

"शक्य नाही." बाबांनी ठामपणे मान हलवली. "रिकामी मूठ पिशवीत आली असती तर मला कळलं असतं. टक् आवाज येतो. काल प्रत्येकाचा आला."

"सातही जणांचा?"

"सगळ्यांचा. म्हणजे, पहिल्याचा येत नाहीच. पिशवी रिकामी असते, कापडावर काय आवाज..."

वाक्य अर्ध्यावर राहिलं.  पहिलं मत कुणाचं असतं, ते दोघांनाही माहीत होतं.

६

अध्यक्षबाई आपल्या खोलीत उभ्याच होत्या. साठीच्या, उंच, खांदे अजून गोलकीपरचे. एकेकाळी क्लबच्या पहिल्या मुलींच्या संघात त्या खेळल्या होत्या. मुलांचा सराव संपून मैदान मोकळं झालं की मग.

ती काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "किती वाजले?"

"तीन दहा."

"हुशार आहेस. लहानपणीही किटखोलीत बसून गणितं भराभर सोडवायचीस."

"तुम्ही मूठ उघडलीत बाई, पण तिच्यात काही नव्हतं."

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी नाकारलं नाही, रडल्या नाहीत, आवाज चढवला नाही. तिनं पुष्कळ माणसं पाहिली होती या क्षणाला. बहुतेक जण आधी पाणी मागतात. बाईंनी तिलाच पाणी ओतून दिलं.

"सहा महिने मी सभांतून होकाराची भाषणं केली. माझा विश्वास आहे त्यावर. मुलींचा संघ चार वेळा बंद पडताना पाहिलाय मी, आणि दर वेळी त्या पोरींना मीच सांगितलंय, की बायांनो, या वर्षी नाही. वेगळ्या लीगमध्ये गेलो की ते मला पुन्हा कधी सांगावं लागणार नाही." त्यांनी पाण्याचं भांडं बाजूला सरकवलं. "मग काल पडद्यामागे गेले. पिवळा हातात. आणि मला जुन्या लीगचं ते पत्रक आठवलं, सगळ्या क्लबांची नावं एकाखाली एक. इथे यायच्या आधी मी जिथे खेळले तो माझा पहिला क्लब त्यात खालून दुसरा आहे. आम्ही गेलो की त्यांच्याकडे कोण येणार? वर्षातून एकदा त्यांचं मैदान भरतं, ते आम्ही जातो त्या दिवशी. पिवळा टाकला तर त्यांना बुडवते, पांढरा टाकला तर पोरींना. कितीतरी वेळ उभी होते. आपल्याकडे तटस्थ राहायची सोय नाही. मग दोन्ही टाकले."

"आणि बरोबरी होईल हे..."

"नव्हतं ठाऊक. शप्पथ. मला वाटलं, पिशवीत एक कमी निघेल, पेटीत एक जास्त, सगळ्यांना कळेल की कुणीतरी दोन्ही टाकले, हसतील, पुन्हा मतं घेतील. तोवर रात्र मिळेल विचाराला. सकाळी बघते तर फळीवर सात. मला वाटलं, खरंच कुणीतरी काहीतरी केलंय."

"पण पेटीतला आठवा तुमचा होता हे तुम्हाला माहीत होतं. बाबांकडे बोट गेलं तेव्हाही."

हे म्हणताना तिचा आवाज तपासनीसाचा राहिला नाही.

"माहीत होतं," बाई म्हणाल्या. "सगळे बोलत होते आणि मी गप्प बसले. कप्तानाच्या हिशेबानं होकार निघत होता, माझ्या हातून काही न करता. मला निवडावंच लागत नव्हतं. किंमत काय, तर एका माणसाच्या किल्ल्या." त्यांनी टेबलावरचा जुडगा उचलला. "एकतीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर डोळे मिटून उभा राहिला, गं. कोण काय टाकतं ते दिसू नये म्हणून. सकाळी मी त्याच्याकडे बघूही शकले नाही."

तिला बाईंचा राग यायला हवा होता. आलाही. पण घरी, कामावर, डॉक्टरांच्या दारात, पाळणाघराच्या फाटकाशी ती स्वतः काहीच न निवडता किती वेळा दोन्ही मुठी मिटून उभी राहिली होती, ते तिला आठवलं, आणि राग पुरता जमेना.

"चारला तुम्ही सांगाल, की मी सांगू?"

७

बाईंनीच सांगितलं. उभ्यानं, भाषणाशिवाय. बाबांना आत बोलावलं, जुडगा त्यांच्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी तुमच्यावर अन्याय होऊ दिला. मला माफ करा."

 बाबांनी किल्ल्या मोजल्या. बावीस होत्या.

कप्तान उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. भोंग्यानं मोठ्यानं नाक शिंकरलं.

"आता?" कुणीतरी विचारलं. "बाईंचे दोन्ही काढले तर तीन विरुद्ध तीन."

"आता मी मत देते," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पडदा नको."

त्यांनी फळीवरचा एक पिवळा उचलला. बाहेर मैदानावर पाण्याचं कारंजं फरफरत होतं. बाईंनी तो सगळ्यांना दिसेल असा धरला.  पिवळा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "होकार. ज्यांचं नुकसान होईल त्यांच्याकडे मी स्वतः जाऊन सांगेन. एकेका क्लबकडे. पत्र पाठवणार नाही. आणि पुढच्या निवडणुकीला मी उभी राहणार नाही."

"जाऊन काय सांगाल?" भोंगा ओरडला. "त्या पेनल्टीवाल्या पोराला काय सांगाल?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण त्याच्यासमोर उभी राहून सांगेन."

भोंगा दार आपटून गेला. थोड्या वेळानं परत आला, कारण टोपी विसरली होती. टोपी घेऊन पुन्हा आपटून गेला. पाचला दहा मिनिटं असताना होकार गेला.

बाहेर मैदानाच्या कडेच्या बाकावर ती बाबांशेजारी बसली. मुलगी रेघेवरून एकेक पाऊल टाकत चालत होती, पांढऱ्या चुन्याबाहेर पाय पडला की स्वतःलाच रागावत.

"बाबा, तुम्हाला कुणी विचारलं असतं तर? पिवळा की पांढरा?"

बाबांनी चपलेला चिकटलेलं गवत झटकलं. "मला कधी कुणी स्टड दिलाच नाही गं. मी पिशवी धरायचो." मग हसले. "बूट तेच राहणार. चिखल तोच. उद्या सहाला यायचंय."

त्यांचा खांदा तिच्या खांद्याला टेकला होता. तिला वाटलं, हे एवढं वाचलं, पुष्कळ झालं. नवऱ्याला फोन करून सांगावं. रात्रीच्या जेवणाचं बघावं.

मुलगी रेघ संपवून आली आणि आईच्या गुडघ्यांवर कोपरं टेकून उभी राहिली. सभेच्या खोलीच्या दाराशी बसून तिनं सगळं ऐकलं होतं, हे तिच्या कपाळाच्या आठीवरून दिसत होतं. घरी निकाल देण्याआधी ती असाच चेहरा करायची.

"आई, आता आपली टीम सगळे सामने हरली, अगदी शेवटची आली, तरी तिला कुणी काढणार नाही?"

"नाही काढणार."

"कधीच?"

"कधीच नाही. तसं ठरलंय."

मुलीनं आजोबांकडे पाहिलं. ते जुडग्यातली एक किल्ली डगल्याच्या टोकानं पुसत होते. मग तिनं आईच्या कानाशी तोंड नेलं आणि आजोबांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू विचारलं,

"मग आजोबा तर काहीच हरले नव्हते. त्यांना का काढत होते?"